रिजाल सुब्बांचा तोंडी नकार

मुक्तिनाथ रिजालांना व्हायचं होतं न्यायाधीश, झाले सुब्बा, म्हणजे कचेरीतले कारकून. राजधानीत, देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयात अर्ज नोंदवून घ्यायच्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. या न्यायालयाच्या अधिकारात काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांना इतकं पाठ होतं की वकीलसुद्धा आत जाण्याआधी हळूच विचारून जात. कागद उघडायच्या आत सुब्बा निकाल देतात, असं आम्ही बरोबरचे लोक म्हणायचो. त्यांनाही ते आवडायचं.

माणूस मनानं भला. डोंगरातून तीन-तीन दिवस प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्याला उगाच खेटे घालायला लागू नयेत, म्हणून ते खिडकीतूनच सांगत, "बाजे, हे इथलं काम नव्हे. आधी जिल्ह्याला जा. कशाला जिवाला त्रास?" लोक हात जोडून परत फिरत. खरं तर अर्ज घ्यायचा नसेल, तर तसा शेरा लिहून द्यावा लागतो. आमच्याकडे त्याला दरपीठ म्हणतात. ते हातात असलं की माणूस न्यायाधीशांपुढे उभं राहून विचारू शकतो, सुब्बांनी मला का अडवलं? पण एवढी उठाठेव करणार कोण, असं रिजालांचं मत. तोंडानं नाही म्हटलं की झालं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना रोल्प्याहून सुनकेसरी घर्ती आली. तिची लेक जुनेली नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत पास झाली होती, पण नागरिकत्वाचा दाखला नव्हता. मुलगी पोटात असतानाच बाप परागंदा झालेला, आणि गावची वॉर्ड कचेरी म्हणे, बापाला घेऊन या. प्रवेशाची मुदत पंधरा दिवसांवर आली होती.

रिजालांनी अर्ज चाळला. "दिदी, वॉर्डानं दाखला नाकारला तो कागद कुठाय?"

"कागद देत नाहीत. नुसतं नाही म्हणतात."

"मग इथं रद्द काय करायचं? खाली निर्णयच नाही, तर हे न्यायालय त्यात हात घालत नाही. जिल्हा कचेरीत जा."

"जाऊन आले. तेही नुसतं नाही म्हणाले."

"मग मी तरी काय करणार?"

"तुम्हीही नाहीच म्हणताय ना, सुब्बासाहेब?"

"हो."

"मग तेवढं लिहून द्या. दोन वर्षं झाली, जो तो तोंडानं नाही म्हणतोय. तोंडाचं मी कुणाला नेऊन दाखवू?"

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. शेजारच्या टेबलावरचा बस्नेत म्हणाला, "द्या की दादा, अक्षर तर तुमचं मोत्यासारखं आहे!" रिजालांना राग आला. त्या रागातच त्यांनी अधिकारक्षेत्राबाहेरचा म्हणून शेरा लिहिला, सही केली, शिक्का हाणला. बाईनं तो कागद कपाळाला लावला. नकार कपाळाला लावणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

चौथ्या दिवशी तोच कागद खिडकीवर परत आला. न्यायाधीशांनी दरपीठ रद्द केलं होतं. ज्याला लेखी नकारसुद्धा मिळत नाही त्यानं दाद मागायची कुठं, असं विचारून अर्ज नोंदवायचा हुकूम दिला होता. नोंद करायची होती ती रिजालांनीच. मुदतीच्या दोन दिवस आधी दुसरा हुकूम आला, की जुनेलीला तात्पुरता प्रवेश द्यावा.

चहाच्या टपरीवर आम्ही सुब्बांची यथेच्छ थट्टा केली. एरवी फाडकन उत्तर देणारा माणूस त्या दिवशी अर्धा चहा टाकून उठून गेला. मला वाटलं, अभिमान दुखावला असेल. तसं नव्हतं, हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "जुम्ल्याचा तो म्हातारा आठवतो? जमिनीचा अर्ज घेऊन आलेला?"

"न आठवायला काय झालं? गावी परतताना घरी येऊन तुमच्या पाया पडला होता. वाचवलंत म्हणाला, आणि पिशवीभर राजमा ठेवून गेला." ती हसली. "काय चव होती हो त्याला! महिनाभर पुरवून खाल्ला आपण."



"त्याला मी काहीच लिहून दिलं नव्हतं," रिजाल म्हणाले.