चौथ्या ग्लासातली मस्कडाईन

गेल्या महिन्यात वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये ग्लास विसळत होते, तेव्हा सुलभाताई गेल्याचं कळलं. ग्लास नळाखाली तसाच धरून मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक...

मला वाइन चाखायला ताईंनी शिकवलं. नाशिक रोडहून आम्ही कंपनीच्या गाडीनं शेजारी बसून जायचो. अमेरिकेतली मस्कडाईन पहिल्यांदा हुंगायला दिली तीही त्यांनीच. "हे द्राक्ष आपल्या भावकीतलं नाही हं. जाड सालीचं. घडानं नाही, एकेक मणी पिकतं. काळ्या पडलेल्या केळ्याचा वास बघ, मागून कस्तुरी. जन्मात विसरणार नाहीस." नाहीच विसरले.

मग एका तापानंतर ताईंना वासच येईनासा झाला. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. पण कॅन्टीनचा करपट चहा त्या निवांत प्यायल्या आणि मला कळलं. त्यातच नव्या मालकांनी सगळ्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. कागदात गुंडाळलेल्या सहा बाटल्या, वाइन ओळखून नाव लिहायचं; ओतायचं काम माझं. चौथी उघडताच मी ओळखली. दारातच ताईंच्या कानाशी लागले, "चौथी मस्कडाईन." ताई आत जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. बाकीच्यांनी काहीबाही ठोकून दिलं होतं. ताईंच्या कागदावर चौथ्यापुढे लिहिलेलं होतं, 'मला वास येत नाही.'

वीस वर्षांची खुर्ची त्या दिवशी सुटली. परतताना मी चिडून म्हटलं, "लिहायला काय झालं होतं?"

"नाव तू दिलंस गं. वास कुठून आणू?"

"मग बसा आता घरी तुमचा खरेपणा कुरवाळत," मी म्हणाले. हे मी म्हणाले, ज्यांनी मला नाक दिलं त्यांना. नंतर वर्षभर आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गेले ते तेराव्यानंतर.

ताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत छोट्या बाटल्या ओळीनं होत्या. लवंग, हिंग, कॉफी आणि शेवटी एक गडद रंगाची. ताईंचे यजमान, भाऊजी म्हणाले, "रोज सकाळी एकेक हुंगायची. कधीतरी वास परत येतो म्हणे. ही शेवटची त्या परीक्षेतली, चौथ्या ग्लासात उरलेली. ही ओळखता आली की ती तुझ्याकडे येणार होती."

मी झाकण उघडलं. नाकात झणका गेला. आतल्या वाइनचं केव्हाच व्हिनेगर झालं होतं... आणि ताई रोज सकाळी ते नाकाशी धरून वाट बघत होत्या.

"तोच वास आहे ना?" भाऊजींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तोच."