खांद्यावरच्या जांभळ्या रेघा

दादाच्या उजव्या खांद्यावर गाठ आली तेव्हा आमच्या आंजी गावात प्रत्येकाजवळ तिचं कारण तयार होतं. कोणी म्हणे बैलाने ढुसणी दिली असेल, कोणी म्हणे फवारणीच्या पंपाचा पट्टा घासला, कोणी म्हणे वायू आहे, चोळून घे. दादाने चोळून घेतलं, सगळा हिवाळा. मी वर्ध्याला शाळेत शिकवत होते, एखाद्या रविवारी गावी जायची. उन्हाळा लागता लागता गेले, तर तो अंगणात उघडाच बसलेला आणि गाठ संत्र्याएवढी. मी तिथल्या तिथे सगळ्यांना फैलावर घेतलं. वहिनीला, मायला आणि सर्वांत जास्त दादाला. दुसऱ्या दिवशी सुटी टाकून त्याला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मग डॉक्टरांनी सार्कोमा हा शब्द सांगितला. कॅन्सर तंबाखूवाल्यांना तोंडात होतो आणि बायकांना होतो, एवढंच आम्हाला माहीत. तो असा मांसातही होतो हे पहिल्यांदा ऐकलं. दादाने जन्मात तंबाखू तोंडात घातली नव्हती. हा त्याला मोठा अन्याय वाटला, आणि मलाही वाटला. अजूनही वाटतो.

डॉक्टरांनी कागदावर खांदा काढून समजावलं. ऑपरेशन करायचं तर हात खांद्यापासून काढावा लागेल. पण छातीच्या फोटोत फुफ्फुसावर ठिपके होते, म्हणजे आजार खांद्यात थांबलेलाच नव्हता. हात काढूनही तो मागे राहणार, तेव्हा ऑपरेशन नको. उरलं ते असं, की गाठ आकसावी आणि दुखणं कमी व्हावं म्हणून नागपूरला किरणांचा शेक, आणि रक्तातून सगळीकडे पोचणारी इंजेक्शनं. याने आजार मुळासकट जाईल असं मी सांगत नाही, थोडा वेळ मिळेल आणि तो बरा जाईल, असं ते स्वच्छ म्हणाले. मी सगळं ऐकलं. दादाने त्यातलं एकच ऐकलं.

"हात रायते म्हणते ना," पायऱ्या उतरताना तो मला म्हणाला, "मंग तू काऊन तोंड पाडून राह्यली?"

उजव्या हाताने तिफण धरणाऱ्या माणसाला हात राहणं म्हणजेच बरं होणं वाटलं. मी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. वर्गात चुकीचं उत्तर ऐकलं की माझा जीव खालीवर होतो, इथे मात्र मी त्याच्यामागे पायऱ्या उतरत राहिले.

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने नागपूर, शुक्रवारपर्यंत दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत, शनिवारी घर. सोबत वहिनी असायची, माझी सुटी असली की मी. यंत्राखाली काही मिनिटं हलायचं नाही, एवढंच काम. दादाला पहिले काही दिवस शंकाच होती. शेक म्हणावा तर ऊबही लागत नाही, हे लोक आपल्याला उगीच निजवून उठवतात, असं तो म्हणायचा. मग खांद्याची कातडी काळवंडली, सोलवटली, आणि त्याची शंका फिटली.

किरण नेमके कुठे पडायचे हे दाखवायला त्याच्या खांद्यावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या होत्या. तिथे पाणी नाही, साबण नाही, तेल नाही, हळद नाही. रेघा बुजल्या तर पुन्हा सगळं मोजावं लागेल, असं बजावून सांगितलं होतं. दादा त्या रेघा शेताच्या धुऱ्यासारख्या, हद्दीच्या बांधासारख्या जपायचा. वहिनी ओल्या फडक्याने बाकीचं अंग पुसून द्यायची आणि खांद्याजवळ आली की तिचा हात आपोआप थांबायचा.

इंजेक्शनं सावंगीला. औषध लालभडक, बर्फगोळ्यावरच्या सरबतासारखं. ते हातात थेंबथेंब जात असताना दादा त्याच्याकडे बघायचाच नाही, नंतर दोन दिवस अन्नाकडेही बघायचा नाही. केस गेले. पाठोपाठ मिशी गेली, आणि त्याचं त्याला खरं दुःख झालं. आमच्याकडे मिशी काढतात ती बाप गेल्यावर, आणि आमचा बाप जाऊन तर जमाना झालेला. स्टँडवर परगावचा ओळखीचा कोणी भेटला की दादाच्या तोंडाकडे बघून हळू आवाजात विचारायचा, कोण गेलं जी? दादा म्हणायचा, "अजून कोणी नाई." पहिल्यांदा मी खूप हसले. पुढच्या वेळी नाही हसू आलं.

शेकाचे थोडे दिवस उरले असताना पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटतात, त्यांना त्या दिवशी तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दादाच्या हातात जोर नव्हता म्हणून त्या वर्षी मायनेच बैलांचे खांदे चोळले. मी चुलीजवळ पुरणाची डाळ निवडत होते. बाहेर आले तेव्हा दादा दावणीजवळ डोळे मिटून बसला होता आणि माय उरलेलं तूप-हळद त्याच्या खांद्याला चोळत होती. एकही रेघ शिल्लक नव्हती.

मी किंचाळलेच. मायला नाही नाही ते बोलले, शिकल्या-सवरल्या घरात असा अडाणीपणा, वगैरे. माझा संताप काही खोटा नव्हता. पण माय काय म्हणाली ते लक्षात राहिलं.

"ढोराच्या खांद्याले लावतो आपण, त्याचं बरं होते. माह्या लेकराचा खांदा काऊन तसाच ठेवू?"

दादा डोळे न उघडता म्हणाला, "लय थंड वाटलं, बाई. बोलू नको तिले."

नागपूरला कोणी रागावलं नाही. पुन्हा मोजमाप झालं, पुन्हा रेघा आल्या, घरी यायला थोडा उशीर झाला इतकंच. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं, त्यांनी सांगितलं की याने काही बिघडत नाही. मी मायला तसं सांगितलं. तिने मान हलवली, पण त्या दिवसापासून ती दादाच्या अंगाला हात लावेना. ताटसुद्धा त्याच्यासमोर ठेवून मागे सरायची.

आणि गाठ आकसली. खरोखर आकसली. हिवाळ्यात दादाने हात डोक्यावर नेऊन दाखवला, हरभऱ्याच्या पेरणीला तिफणीवर हात ठेवला, पोरासोरांसारखी कोवळी मिशी फुटली तिला पीळ देऊ लागला. गावाने तर त्याला बरा ठरवूनच टाकलं. शेकाने कॅन्सर जातो, आमच्या गावात बघा येऊन, असं लोक वडनेरपर्यंतच्या सोयऱ्यांना सांगू लागले. मी फुफ्फुसातले ते ठिपके स्वतः पाहिले होते, तरी त्या हिवाळ्यात मीसुद्धा फसले. माणूस समोर चांगला जेवत असला की फोटोतल्या ठिपक्यांची आठवण ठेवणं फार अवघड जातं.

उन्हाळ्यात खोकला लागला. दुसऱ्या प्रकारची इंजेक्शनं देऊन बघितली, ती त्याच्या अंगाला सोसली नाहीत. मग डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला बोलावलं. जेवढं देता येण्यासारखं होतं तेवढं देऊन झालं आहे, आता दुखण्याच्या गोळ्या आणि घर. हे सांगताना त्यांनी आमच्याकडून नजर वळवली नाही, त्याबद्दल मी त्यांना मानते. दादाला मात्र आम्ही सांगितलं, की अंगात ताकद येऊ दे, दिवाळीनंतर पुन्हा नागपूर, पुन्हा शेक, तोवर खांद्याला तेल-हळद काही लावायचं नाही. ठरवून सांगितलं, मी, वहिनी आणि माय, तिघींनी मिळून. तो दिवाळी कधी आहे ते विचारत राहायचा.

पुन्हा पोळा आला. दादाला आडवं होता येत नव्हतं, श्वास कोंडायचा, म्हणून तो दिवसरात्र बाजेवर उशांना टेकून बसलेला असे. त्या संध्याकाळी त्याने बाज अंगणात काढायला लावली आणि बैल जवळ आणायला सांगितले. मग पळसाच्या पानाने तूप-हळद घेऊन त्याने स्वतः दोघांचे खांदे चोळले, उजव्या हाताने. हात धडधाकट होता. बाकी सगळा माणूस संपत आला होता आणि हात तेवढा राहिला होता. आज आवतन घ्या, एवढं म्हणून तो दम खायला थांबला, उद्या जेवाले या, हे मग वहिनीने म्हटलं.

वाटीत थोडं तूप-हळद उरलं. माय ती वाटी घेऊन बाजेजवळ उभी राहिली. दादाचा सदरा खांद्यावरून घसरला होता, कातडी कोरडी, काळी, भेगाळलेली, आणि तिच्यावर कुठे रेघ नव्हती. मायने दादाला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"आता लावू काय वं?"

काय विचारते आहे ते तिलाही कळत होतं. नाही म्हणावं तर कशासाठी म्हणावं, ते मला सुचेना.

"लाव," मी म्हटलं.

दादाने माझ्याकडे मान वळवली. मग त्याने सदरा स्वतःच आणखी खाली ओढला.

"म्हणजे दिवाळीनंतरही जाचं नाई नागपूरले," तो म्हणाला.

मायने बोटं वाटीत बुडवली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या अंगाला हात लावला. ती सावकाश चोळत होती, त्याचे डोळे मिटत आले होते.

"मले आवतन नाई देत काय, माय?"

"घरच्या माणसाले कायचं आवतन," माय म्हणाली आणि चोळत राहिली.