काकांचे प्रश्न आणि आमची नवी गाडी

आमच्या कडावच्या आळीत गाडी एकट्या घराची नसते. ती ज्याच्या दारात उभी असते, त्यानं तिचा विमा भरायचा आणि रविवारी तिला धुवायचं. बाकी ती सगळ्यांची. नवरी आणायची असो, कुणाच्या दहाव्याला जायचं असो, कर्जतला बाळंतपणासाठी कुणाला न्यायचं असो, लोक येतात आणि विचारतात, "गाडी हाय काय?" खरं तर ती दारात दिसतच असते. त्यामुळे या प्रश्नाला "थांबा, चावी आणते" हे एकच उत्तर असतं. आजारपणासाठी गाडी नेली असेल तर डिझेलचं कुणी बोलत नाही. कुणी द्यायला लागलं तरी घेत नाहीत. घेतलं, तर आळीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आमची जुनी डिझेलची गाडी या सगळ्या संसाराला पुरून उरली होती. मागच्या उन्हाळ्यात मात्र चौक गावच्या गॅरेजवाल्यानं हात टेकले. "आता हिला आराम द्या," तो म्हणाला, आणि आमच्या घरात नव्या गाडीची चर्चा सुरू झाली. इलेक्ट्रिक घ्यायची की हायब्रीड?

मला गाडीतलं काही कळत नव्हतं, म्हणून मला सगळंच विचारावंसं वाटत होतं. आमच्या ह्यांचं उलटं. त्यांना सगळं कळतं, म्हणून ते काहीच विचारत नाहीत. पनवेलच्या शोरूममध्ये गेलो तेव्हा तिथला विक्रेता हायब्रीड समजावून सांगत होता. पेट्रोलचं इंजिनही आहे, मोटारही आहे, कधी हे ओढतं, कधी ते. हे नुसते मान डोलावत होते. मी विचारलं, "पण कधी कुणी ओढायचं, हे ठरवतं कोण?" विक्रेता म्हणाला, "ते गाडी ठरवते, मॅडम." गाडी स्वतः ठरवते! मला मोठी गंमत वाटली. घरी येताना हे म्हणाले, "बैलजोडी हाय ती. एक दमला की दुसरा वढतो." एवढं कळलं होतं, तर तिथंच का नाही बोलले, देव जाणे.

माझं मन इलेक्ट्रिकवर बसलं होतं. तिचा आवाज होत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मी फक्त ह्यांना सांगितलं होतं. पावसाळ्यात धबधब्यावर जायला पोरं गाडी मागायला आली की मला नाही म्हणता येत नाही आणि गाडी चिखलानं भरून परत येते. इलेक्ट्रिक असली की चेहरा पाडून म्हणायचं, "अरे देवा, चार्जिंगच नाय रे." रीतही राहिली आणि गाडीही राहिली. हे खूप हसले आणि म्हणाले, "आन काकांना काय सांगशील?"

काकांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. काका म्हणजे माझे चुलतसासरे. आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. काका आणि काकी दोघंच राहतात, मुलगी नेरळला दिली आहे. काका पूर्वी पाटकरी होते, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावायचे. डोंगरावरच्या धरणाचं पाणी वीजघरातून फिरून खाली येतं आणि आमच्या कालव्याला सुटतं. त्यावर आमचं उन्हाळी भात होतं. ते पाणी कुणाच्या शेतात कधी जायचं, हे काका सांगायचे आणि गाव ऐकायचं. आता त्यांच्या किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा पनवेलला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यात खाडा चालत नाही. एकदा पुरात रस्ता बंद झाला आणि पाळी चुकली, तर दोन दिवसांत काका असे सुजले की काकींनी देव पाण्यात घातले. त्यांना मीच नेते. आमचे हेही नेतील, पण ह्यांचं गाडी चालवणं एकदा अनुभवल्यावर काकीच म्हणाल्या, "तूच चल गं बाय."

तेव्हा नवी गाडी कोणतीही आली, तरी तिनं काकांना न चुकता पनवेलला पोचवायचं, ही पहिली अट होती. ती कुणी बोलून दाखवली नाही. बोलायची गरजच नव्हती.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर चर्चा व्हायची. आळीतले सगळे यायचे आणि गाडी आपलीच आहे अशा थाटात मतं द्यायचे. ती त्यांची होणारच होती म्हणा. एकाला तिच्यावर भाताच्या गोण्या टाकता येतील का, ही काळजी. दुसऱ्यानं मोबाइलवर पाहिलं होतं की अशा गाडीतून वायर काढून घरातला पंखा लावता येतो. ते ऐकल्याबरोबर हळदीला आणि गणपतीला डेकोरेशनच्या लायटिंगसाठी गाडीचं बुकिंग सुरू झालं. गाडी अजून आलीच नव्हती. माझ्या "चार्जिंग नाय रे"चं काही खरं नव्हतं.

काका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचे. ते मत देत नसत, प्रश्न विचारत.

आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्याला खत पुरवणाऱ्या खोपोलीच्या व्यापाऱ्याकडे इलेक्ट्रिक गाडी होती. मी त्याच्या मागे लागून एक दिवस त्या गाडीतून खोपोलीवरून घाट चढून खंडाळ्याला जाऊन आले. चढताना समोरच्या पडद्यावर बॅटरीचे टक्के भराभर उतरत होते. माझा जीव वर-खाली होत होता. उतरताना मात्र उलटाच प्रकार! पाय काढला की गाडी आपोआप हळू होत होती आणि टक्के वाढत होते. मी आनंदानं ओरडलेच. व्यापारी म्हणाला, "वहिनी, हळू. मी घाबरलो."

मी हे घरी येऊन काकांना सांगितलं.

"म्हंजे चढावर घेतलेलं उतारावर परत देती?"

"सगळं नाय देत. थोडं देते."

"थोडं का व्हईना," काका म्हणाले. "देती ना?"

त्यानंतर त्यांच्या प्रश्नांना ऊत आला. चार्जिंगचा प्लग कसला असतो? घरातल्या इस्त्रीचा चालंल का? वायर किती जाड लागते? पडवीत पावसाची झड येते, तिथं चालतं का? रात्रभर लावून ठेवली तर घरातला फ्रिज बंद पडंल का? काही प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. मग मी शोरूमला फोन करायचे. तो विक्रेता माझा आवाज ऐकला की आधीच विचारायचा, "काकांनी काय विचारलंय?"

माझ्या डोक्यात हळूहळू एक गोष्ट पक्की होत गेली. काका घाबरले आहेत. पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचा काही भरवसा नसतो. कुठं तरी फांदी तारेवर पडते आणि दिवसभर पत्ता नसतो. आमच्याच डोंगरात वीज तयार होते, आणि आम्ही मेणबत्त्या लावून बसतो. अशात पनवेलला जायच्या सकाळी गाडी रिकामी असली तर? हा माणूस तोंडानं कधी म्हणणार नाही की माझ्यासाठी पेट्रोलची घ्या. तो वायरची जाडी विचारणार. मला स्वतःच्या समजूतदारपणाचं कौतुकच वाटलं.

एका सकाळी चहा पिता पिता मी ह्यांना सांगून टाकलं, "हायब्रीड घेऊ."

"अगं, पन तुला तर..."

"काकांचा विचार करायचा की माझ्या हौसेचा?"

ह्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "बरं." हे पनवेलला बुकिंग करायला निघाले. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? ती बिनआवाजाची गाडी मला मनापासून हवी होती. पण निदान काकांना आनंद होईल, म्हणून मी लगेच शेजारी गेले.

काकी पडवीत तांदूळ निवडत होत्या. काका खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "काका, आता काळजी सोडा. आपण हायब्रीड घेतोय. लाइट असो, नसो, गाडी चालणार."

काकांनी विचारलं, "झालं बुकिंग?"

"हे निघालेत आताच."

"बरं केलं," ते म्हणाले. "पेट्रोल काय, कुठंबी मिळतं." आणि उठून आत गेले.

काकींनी सूप खाली ठेवलं. खुणेनं मला भिंतीकडे बोलावलं. तिथं खिळ्याला सिमेंटची रिकामी गोणी लटकवली होती. त्यांनी ती बाजूला केली. मागे कोरा करकरीत बोर्ड होता, मोठ्या तीन पिनांचं सॉकेट, जाड वायर थेट मीटरपर्यंत गेलेली. वर पावसाची झड लागू नये म्हणून पत्र्याचा छोटा तुकडाही ठोकला होता.

"गाडी आल्यावर तुला दावनार होते," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "तवर कुनाला सांगू नको बोलले."

आतून काकांचा आवाज आला, "आता कशाला दावतेस तिला?"

"काका, हे तुम्ही आमच्या गाडीसाठी केलंत?"

काका दारात आले. माझ्याकडे न बघता बोर्डाकडे बघत बोलले. "डिझेल मी देऊ शकलो नाय गं कदी. तुमी घेनार नाय, घ्यायचं बी नसतं, रीत हाय ती, मला म्हाईत हाय. मीच सगळ्यांना सांगत आलो तसं. पन माझ्या घरची लाइट गाडीत गेली तर त्याला कोन काय बोलनार? मला वाटलं, बसू आता जरा नीट. दर टायमाला तुझ्या गाडीत चढतो ना, तवा लई जड व्हतं मला."

मला एकदम रडूच आलं. इतके दिवस मी त्यांच्या प्रश्नांत भीती शोधत बसले होते. त्यांनी वायरची जाडी विचारली होती, कारण त्यांना वायरच आणायची होती.

मी तिथूनच ह्यांना फोन लावला. हे चौकला ढाब्यावर वडापाव खायला थांबले होते. पहिल्यांदाच ह्यांच्या खादाडपणाचा घराला उपयोग झाला.

"हायब्रीड नको. इलेक्ट्रिक बुक करा."

"सकाळी काय म्हनत व्हतीस?"

"सकाळचं विसरा."

"आन पावसात लाइट गेली म्हंजे?"

फोन स्पीकरवर होता. उत्तर काकांनी दिलं, तेही पाटकऱ्याच्या जुन्या आवाजात. "लाइट आसंल तवा भरून ठेवायची. पनवेलच्या आदल्या दिवशी गाडी कुनाला मिळनार नाय. आळीत मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलंही. गाडी आली, तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबं फुटली, आणि दुसऱ्याच दिवशी गाडीच्या पाळ्या लागल्या. धबधब्याला जाणाऱ्या पोरांना काकांनी पडवीतूनच परत पाठवलं. मला चेहरा पाडायची वेळच आली नाही. पाहुणे आले की काका त्यांना बोर्ड दाखवतात आणि सांगतात, "आमच्या लाइटवर चालते ही."

नव्या गाडीतून पनवेलला जायची पहिली सकाळ मला चांगली आठवते. काकींनी डबा दिला. काकांनी स्वतः प्लग काढला, वायर गुंडाळून ठेवली आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. कर्जत सोडलं. गाडी इतकी अलगद पळत होती की मला वेगाचं भानच राहिलं नाही. चौकच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक दणकन आपटलं.

"आगं ए! डोळं कुठं हायती तुजं?" काका ओरडले. "एवढा मोठा खड्डा दिसत नाय? आन एवढी कशाला पळवतेस? टक्के उतराय लागले बघ. पाय काढ, पाय काढ आदी!"

मी पाय काढला. मागची कित्येक वर्षं काका मागच्या सीटवर अंग चोरून बसायचे. खड्ड्यात डोकं टपाला लागलं, तरी "काय नाय गं, चल तू" म्हणायचे. त्या सकाळी ते पनवेल येईपर्यंत मला ओरडत राहिले, आणि मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.