दाजींचा पोसायडन

आधी नाव दाजींचं घेतो, मग काय घडलं ते सांगतो. माझ्या मावसबहिणीचे, म्हणजे ताईचे यजमान, आमचे दाजी, नसते तर मी आज जर्मनीत नसतो. आणि ग्रीकांच्या समुद्रदेवाला दसऱ्याला हळदकुंकू वाहणारा त्यांच्यासारखा इंजिनिअर अख्ख्या जर्मनीत दुसरा सापडायचा नाही.

दाजी इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात होते. नवी कोरी गाडी एका खोलीत उभी करायची, तिच्यावर चहूबाजूंनी पाण्याचा मारा करायचा आणि आत थेंब येतो का बघायचं, हे त्यांचं काम. एवढ्यासाठी पुण्याचा शिकलेला माणूस इतक्या लांब का बोलावला, हे मला कधी कळलं नाही. एकदा एका गाडीत पाणी कुठून शिरतंय ते आठवडाभर सापडेना. रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात, तिकडच्या भाषेत फ्लोमार्क्टात, त्यांना हातभर उंचीचा प्लास्टरचा पोसायडन मिळाला आणि सोमवारी गळती सापडली. तेव्हापासून देव बाल्कनीत. हातातला त्रिशूळ पाहून मला वाटलं शंकर, म्हणून मी इकडे बेलाचं पान कुठे मिळतं ते विचारलं. दाजींनी मला समोर बसवून समजावलं की हा समुद्राचा देव, भूकंपही हाच करतो आणि घोडेही याचेच. मी जास्तच गोंधळलो. आमच्याकडे एका मंत्र्याला इतकी खाती देत नाहीत. दसऱ्याला त्यांनी मूर्तीच्या आणि स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं, तर खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी जखम समजून कापूस घेऊन वर आल्या. दाजींनी त्यांनाही समोर बसवून समजावलं. जाताना त्यांचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता.

मी आठवीतून शाळा सोडलेला, मिरजेच्या खानावळीत हात बसलेला आचारी. ज्या रेस्टॉरंटने मला जर्मनीत आणलं ते बंद पडलं, आणि माझा व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला. दुसरीकडे काम मिळालं, पण परदेशी लोकांच्या कचेरीने महिनाअखेरीपर्यंत होकार दिला नाही तर चालू लागा. फॉर्म नुसता बघून मला घाम फुटायचा. दाजींनी रजा काढून तो भरला, फाइल पोसायडनसमोर ठेवली आणि मला गोष्ट सांगितली. कुणी एक राजा लढाई जिंकून घरी निघाला होता. त्याने वाटेत पोसायडनच्या मुलाचा डोळा फोडला, म्हणून पोसायडनने त्याला वर्षानुवर्षं घरी पोचूच दिलं नाही.

मी म्हटलं, "अहो दाजी, पण मला घरी जायचंच नाहीये. मग हा माझ्या बाजूचा की विरुद्ध?"

दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आल्झो, म्हणजे असं बघ, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. पण गेनाऊ, अगदी बरोबर, तुझाच देव आहे हा. माणसाला घरी जाऊ न देण्यात याचा हात कुणी धरणार नाही."

"आधी फॉर्मवर पोराचा फोटो चिकटवा," ताई आतून म्हणाली. "तो काही तुमचा देव चिकटवणार नाही."

कचेरीतल्या बाईंनी अनुभवाचा दाखला मागितला. माझ्याकडे खानावळीच्या मालकांची मराठी चिठ्ठी तेवढी होती. पोरगा प्रामाणिक आहे, आमटी झकास करतो, सांगितल्याशिवाय सुट्टी घेत नाही. दाजींनी ती एकेक ओळ जर्मनमध्ये करून सांगितली, आमटी म्हणजे काय तेही. पोसायडनचं नावसुद्धा काढलं नाही. बाईंनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

बाकावर बसून काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, दाजी, तुम्ही पुण्याला शेवटचे कधी गेला होता?

"सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "आई गेली तेव्हा वेळेत पोचलो नाही. मग कुठल्या तोंडाने जायचं, असं होऊन बसलंय." मग हळूच म्हणाले, "म्हणून तर ठेवलाय पोसायडनला घरात. रोज समजूत घालतो. बघू मला घरी कधी सोडतो ते."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. पासपोर्टात नवा व्हिसा चिकटवून मिळाला. दाजी माझ्या पाठीवर थापा मारत होते, आणि हसावं की काय करावं हे मला समजेना.

मला फॉर्म भरता येत नाहीत, देवाशी बोलणंही जमत नाही. पण कधी ना कधी मी दाजींना पुण्याला घेऊन जाणार आहे. त्यांच्या दारात त्यांचा पाय अडखळला, तर आधी मी आत जाईन.