औषध अंगात असताना

खडकवासल्याच्या बाजूला आम्हा दोघा भावांचं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड होतं. एका उन्हाळ्यात पक्षी पटापट मरायला लागले. डॉक्टरांनी एक मेलेली कोंबडी तिथेच कापून दाखवली. आतडं फुगलेलं होतं आणि आतून सडलं होतं. जंतूंचा आजार आहे, असं सांगून त्यांनी पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक लिहून दिलं आणि बजावलं, "औषध बंद केल्यावर आठवडाभर एकही पक्षी विकायचा नाही. नाहीतर ते खाणाऱ्याच्या पोटात जाईल."

मरतुक थांबली. औषध बंद करून दोनच दिवस झाले होते, तोच दादानं व्यापाऱ्याची गाडी बोलावली. मी शेडच्या दारात आडवा उभा राहिलो.

"दादा, औषध अंगात हाय अजून."

"आन् पुन्हा मरायला लागले म्हंजे? सर बाजूला!"

मी हललो नाही. त्यानं फावड्याचा दांडा माझ्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी दुसऱ्या हातानं त्याचा गळा धरला आणि त्याचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. तेव्हा तो हात वर करून थांब म्हणत होता.

गाडीवाल्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. दादाच्या कानामागून रक्त वाहत होतं.

गाडी रिकामी परत गेली. आठवडा भरल्यावरच पक्षी विकले. दादाला टाके पडले, मला प्लास्टर. पुढे शेड मोडलं, वाटण्या झाल्या. तू बरोबर वागलास, असं लोक म्हणतात. गाडी अडवली तिथवर ते खरं आहे.