खांद्यावरचा हात

घरात तिला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. समोरच्याच्या शर्टाचं एखादं बटण वरखाली लागलेलं असलं, तरी बोलता बोलता तिची नजर तिथेच अडायची. तिने फोटो दुरुस्तीचं काम धरलं तेव्हा थोरली बहीण म्हणाली, “चला, तुझ्या खोडीने पोटापाण्याची सोय झाली.”

आधी ती एका मोठ्या स्टुडिओत होती. तिथे प्रत्येक नवरीचा चेहरा साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत करून द्यायचा. एकीच्या हनुवटीवरचा तीळ पुसला गेला. ती मुलगी अल्बम घेऊन परत आली आणि “ही कोण?” एवढंच म्हणाली. भिंगने ती नोकरी सोडली आणि बहिणीच्या शिवणाच्या दुकानामागे एका खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हापासून फोटो हातात घेण्याआधी ती विचारायची, “लावणार कुठे? बघणार कोण?” गिऱ्हाइकं वैतागायची, पण उत्तराशिवाय तिचा हात चालत नसे.

एकदा एक निवृत्त बस ड्रायव्हर घरातल्या सगळ्यांचा फोटो घेऊन आला. मधोमध तो, एका बाजूला बायको आणि मुली, दुसऱ्या बाजूला उंच मुलगा.

“ह्याला काढून टाका.”

“लावणार कुठे?”

“बाहेरच्या खोलीत.”

“बघणार कोण?”

“मीच. रोज बघतो आणि रोज डोकं फिरतं. भांडून घर सोडून गेला तो. मग फोटोत तरी कशाला हवा?”

मुलगा पुसणं सोपं होतं, मागे साधी भिंत होती. पण बापाचा हात त्याच्या खांद्यावर होता. खांदा गेला आणि हात अधांतरी राहिला. भिंगने हात कापून पाहिला, त्याच्याखाली खुर्चीची पाठ आणून पाहिली. काही केल्या पटेना. ती सारखी उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. शेवटी तिने फोन केला. “हात खाली सोडलेला तुमचा एखादा फोटो असेल तर पाठवा.”

“बघतो,” म्हणून त्याने फोन ठेवला. मग त्याचा गणवेशातला जुना फोटो आला. त्यातला हात घेऊन तिने बाहीचा रंग जुळवला. काम चोख झालं. त्याने छापलेला फोटो उभ्या उभ्याच पाहिला, “छान” म्हणाला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

त्याच आठवड्यात त्याची बायको आली. “आधीचा फोटो आहे ना तुमच्याकडे? पर्समध्ये मावेल एवढा द्या. ह्यांना कळू देऊ नका.”

भिंगची पंचाईत झाली. काम त्याचं, फोटोही त्याचाच. लपवून द्यायला मन घेईना आणि नाही म्हणायला तोंड उघडेना. बाईंना बहिणीजवळ बसवून ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि तिने त्याला फोन लावला.

“द्या,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मला विचारलंत हे तिला सांगू नका. आणि चेहरा ओळखू येईल एवढा तरी मोठा काढा.”

बाईंनी लिफाफा हातात घेतला. “कळणार नाही ना त्यांना?”

“जपून ठेवा,” भिंग म्हणाली.

त्या गेल्यावर तिने बहिणीला सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, “मग बरंच झालं की. दोघांच्याही मनासारखं झालं.”

“बाईंनी विश्वासाने सांगितलं आणि मी जाऊन बोलले.”

“न विचारता दिला असतास तर?”

“मग ड्रायव्हरचा विश्वास मोडला असता.”

बहिणीने मशीन सुरू केलं.

महिन्याभराने ड्रायव्हरचा फोन आला. “तो मूळचा फोटो अजून ठेवलाय?”

“ठेवलाय.”

“हं. राहू द्या.” आणि फोन बंद.

तेव्हापासून फोन वाजला की हातातलं काम तसंच टाकून भिंग नंबर बघते. त्याचा फोन पुन्हा आलेला नाही.