डबल बेल

हॉर्न दोनदा वाजला. थोडं थांबून पुन्हा दोनदा.

मी आणि आक्का वाकळीखाली पालथ्या पडलो होतो. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, जेवायला बसताना खाली अंथरायला आणलेली. वरून आग्या मोहोळाच्या माश्या तिच्यावर आदळत होत्या. सुपात ज्वारी पडावी तसा आवाज येत होता. एक माशी कुठून तरी आत शिरली आणि माझ्या कानामागं चावली. मी हलले नाही. मालक, म्हणजे माझा नवरा, बाहेर गाडीत होते. त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये लेण्यापुढच्या ओट्यापाशी लावली होती, मागचं दार आतून ढकलून उघडलं होतं, आणि ते आम्हाला बोलावत होते.

माझ्या उजव्या हातात चमचा होता. कोपराखाली स्टीलचा डबा होता. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मालक एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गेली. जालना, अंबड, घनसावंगी, भोकरदन. रस्त्याकडेला देवळांच्या, लेण्यांच्या, किल्ल्यांच्या पाट्या असतात, त्यांवर बाण काढलेला असतो. मालकांना त्या पाठ होत्या. पण बस काही पाटीपाशी थांबत नाही. "आयुष्यभर बाण बघितला, बाण कुठं जातो ते बघितलं न्हाई," असं ते म्हणायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी चारचाकी घेतली आणि एका वहीत पाट्यांची यादी केली. मी चौथीपर्यंत शिकले आहे. वहीतलं अक्षर माझं आहे, कारण त्यांचं त्यांनाच वाचता यायचं नाही.

आक्का त्यांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि आमच्याकडेच राहिली. माझं तिचं कधी जमलं नाही. गाडी आली त्या दिवशी ती सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"आक्का, बायको पुढं बसत असती," मालक म्हणाले.

"बायका मिळतात रे. बहीण एकच हाये," आक्का म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी मागं बसले. मालकांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं. कंडक्टर मागंच पाहिजे. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलणार न्हाई."

ती गंमत होती, पण त्यांना ती सवय लागली. एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी दिली की ड्रायव्हर गाडी काढतो. त्याआधी काढली आणि पायरीवरचा माणूस पडला, तर जबाबदारी ड्रायव्हरची. आमच्या गाडीला घंटी नव्हती. मी डब्याच्या झाकणावर चमचा दोनदा वाजवायची, टण टण, तेव्हा ते गियर टाकायचे. एकदा मी मुद्दाम वाजवलाच नाही. चिंचेखाली आम्ही कितीतरी वेळ तसेच बसलो. आक्का ओरडली, "वाजीव की गं बाई, हा येडा खरंच हलत न्हाई!"

दोन हिवाळे आम्ही असे फिरलो. राजूरचा गणपती झाला. अंबडला मत्स्योदरीची टेकडी लांबून माशासारखी दिसते म्हणतात. मला ती टेकडीसारखीच दिसली, पण पायऱ्या चढून वर गेलं की वारा फार चांगला आहे. जांब समर्थला गेलो तेव्हा आक्का रामापुढं इतका वेळ बसली की मला वाटलं तिला झोप लागली. येताना कुंभार पिंपळगावचा बाजार भरला होता, तिथं मिरच्या घेतल्या. अन्व्याचं महादेवाचं देऊळ सगळ्यांत चांगलं. खांबच खांब, आणि प्रत्येकावर वेगळं काम. मालक एकेका खांबावर हात फिरवत होते. "इथून पाच किलोमीटरवरून बस नेत होतो मी," ते म्हणाले. कोणी मला विचारलं काय बघावं, तर मी अन्वा सांगते. सकाळी जा, उन्हं तिरपी असतात तेव्हा.

मालकांची दुसरी एक सवय होती. पहिली फेरी काढताना ड्रायव्हर स्टेअरिंगपुढं उदबत्ती लावतात. आमच्या गाडीतही ते रोज लावायचे, आणि जिथं जाऊ तिथल्या देवापुढं धूप. लहान देऊळ असो, मोठं असो, ऊद घातलेला चांगला मूठभर धूप. धूर झाला नाही तर त्यांना देव भेटल्यासारखा वाटायचा नाही.

त्या दिवशीचं ठिकाण एक लहान लेणं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. बाजूला कपाशी होती. लेण्यापुढं लिंबाचं झाड आणि दगडी ओटा. लेण्याच्या कपाळाला आग्या मोहोळाची पोळी लटकली होती, सुपाएवढी चार. आम्ही तिघांनी ती बघितली.

आक्का म्हणाली, "भाऊ, आज धूप राहू दे."

"आत पिंडीपुढं लावतो. धूर आतच राहील," मालक म्हणाले.

मला भूक लागली होती. ओट्यावर वाकळ अंथरली, डबा उघडला, आणि चटणी वाढायला चमचा घेतला.

धूर आत राहिला नाही. कसा राहील, लेण्याला एकच तोंड.

मालक पळत बाहेर आले. डोक्याभोवती माश्या होत्या. "वाकळ घ्या अंगावर! हलू नका बिलकुल!" असं ओरडून ते गाडीकडं पळाले. मी आक्काला खाली पाडलं आणि वाकळ ओढली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज, मागं येतानाचा आवाज, दाराचा आवाज. आणि हॉर्न.

माश्या पळणाऱ्याच्या मागं लागतात. त्या मालकांच्या मागं गाडीत शिरल्या. मागचं दार त्यांनी आमच्यासाठी उघडं ठेवलं होतं. आम्ही तिकडं जाऊ शकत नव्हतो. वाकळीचा कोपरा उचलला तरी पाच-सहा माश्या आत यायच्या. फक्त त्यांनी निघायला पाहिजे होतं. जोरात निघाले असते तर वाऱ्यानं माश्या मागं पडल्या असत्या. पण ते निघाले नाहीत. पॅसेंजर खाली होते आणि बेल पडली नव्हती.

आता चमच्याचं सांगते. लोक म्हणतात, अशा वेळी काही सुचत नाही. मला सुचलं होतं. झाकणावर दोनदा वाजवला असता तर ते गेले असते, हे मला तिथं पडल्या पडल्या कळलं होतं. पण मला हेही वाटलं, की ते गेले तर आम्ही दोघी इथं राहू. म्हातारी नणंद, मी, आणि या माश्या. मी चमचा घट्ट धरून ठेवला.

पुन्हा हॉर्न झाला, दोनदा. मग एकदाच, लांब. मग इंजिनाचा आवाज तेवढा राहिला.

कपाशीतली माणसं ओली पोती पांघरून आणि पेटत्या तुराट्या घेऊन आली. आम्हाला बाहेर काढलं तेव्हा गाडी चालूच होती. हँडब्रेक ओढलेला होता. मालकांचा एक हात मागच्या सीटवर होता, आमच्या बाजूला. जालन्याला पोचेपर्यंत ते संपले.

गाडी दारात उभी आहे. तिच्यावर ताडपत्री आहे. वहीत सात जागा राहिल्या होत्या. त्यांतल्या दोन मी एसटीनं जाऊन बघून आले, एकटीच. बघण्यासारख्या आहेत. पण बघून झालं की कोणाला सांगावं तेच कळत नाही, म्हणून मी लगेच परतीच्या बसला येऊन बसते. कंडक्टर दोनदा बेल देतो आणि बस निघते. ड्रायव्हर मागं वळूनही बघत नाही. त्यानं बघायचंही कारण नाही.

आक्कानं त्याबद्दल एकदाच विचारलं. वर्षश्राद्ध झालं होतं, पाहुणे गेले होते, आम्ही दोघी भांडी पुसत होतो.

"चमचा तुझ्या हातात होता ना?"

"होता," मी म्हणाले.

तिनं हातातलं ताट पुसून पालथं घातलं. मग म्हणाली, "मला लागत होता तो बरगडीला. वाजीव म्हणावं, असं मलाबी आल्तं मनात. पण बोलले न्हाई मी."

"का न्हाई बोललात?"

"तू का न्हाई वाजीवला?"

मी पुसलेली ताटं उचलून फळीवर लावली. तेव्हापासून ती अकराला जेवते आणि मी एकला. एका घरात दोन ताटं, दोन वेळा. पडवीत ती एका टोकाला बसते, मी दुसऱ्या. मधून गाडी दिसते. भांडण नाही. सकाळी ती विचारते, "दूध आलं का?" मी सांगते, "आलं." मग संध्याकाळपर्यंत काही नाही.

तीन माणसं गेलो होतो. मालक वारले. मी आणि आक्का जिवंत आहोत.